सॉफ्टवेअर बदलण्याआधी वीस वस्तू मोजा

प्रश्न : आमचा पाण्याचे पंप बनवण्याचा छोटा कारखाना आहे. ४५ माणसं आहेत, स्टोअरमध्ये साधारण १,२०० प्रकारच्या वस्तू. आठ महिन्यांपूर्वी आम्ही क्लाउडवरचं ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं. बिलं आणि हिशेब नीट निघतात, पण साठ्याचा ताळमेळ काही केल्या लागत नाही. परवा स्क्रीनवर एका बेअरिंगचे ८० नग होते, रॅकवर ३१ निघाले. काही वस्तू तर मायनसमध्ये दिसतात. खरेदी बघणारे काका पुन्हा त्यांच्या एक्सेलवर गेले आहेत. सॉफ्टवेअर देणारे म्हणतात, बारकोडचं मॉड्यूल घ्या. माझा भाऊ म्हणतो, हे सॉफ्टवेअरच टाकून दुसरं घेऊ. मी दोघांच्या मध्ये अडकले आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघांकडून सहा आठवडे मागून घ्या.

तुम्ही सहज लिहून गेलात की बिलं आणि हिशेब नीट निघतात. खरं उत्तर तिथेच आहे. सॉफ्टवेअरला बेरीज-वजाबाकी येते. बिल एक माणूस टेबलाशी बसून करतो आणि त्यात चूक झाली तर ग्राहकाचा फोन त्याच दिवशी येतो. साठा मात्र पंचवीस-तीस हातांतून फिरतो. कोणी चार बेअरिंग उचलली आणि नोंद केली नाही, तर त्या दिवशी कोणाचंच काही अडत नाही. अडतं ते दोन महिन्यांनी, आणि तोवर कोणाला काही आठवत नसतं. हे नोंदींचं दुखणं जसंच्या तसं नव्या सॉफ्टवेअरमध्येही जाईल.

म्हणून आधी गळती कुठे आहे ते शोधायचं. त्यासाठी १,२०० वस्तू मोजायची गरज नाही, वीस पुरतात. चार-पाच महाग वस्तू घ्या, पाच रोज हलणाऱ्या, तीन-चार वजनावर किंवा लांबीवर घेतल्या जाणाऱ्या, दोन-तीन बाहेर प्लेटिंगला किंवा मशीनिंगला जाणाऱ्या आणि आत्ता मायनसमध्ये दिसणाऱ्या तीन-चार. तुमचं ते बेअरिंग यात हवंच. सलग दहा कामाचे दिवस, पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी, या वीस वस्तू मोजा. प्रत्यक्ष नग, स्क्रीनवरचा आकडा आणि फरक एवढं लिहा. पहिल्या दिवशी आकडे जुळवून घ्या. दुसऱ्या दिवसापासून फरक दिसला की नुसता आकडा दुरुस्त करून मोकळं व्हायचं नाही. कालपासून त्या वस्तूच्या जेवढ्या हालचाली झाल्या त्यांचे कागद काढून बसायचं. आठ महिन्यांचा फरक कोणालाच शोधता येत नाही. एका दिवसाच्या फरकामागे चार-पाच कागद असतात, अर्ध्या तासात चोर सापडतो.

या दहा दिवसांत काय काय हाती लागेल, ते बरंचसं आधीच सांगता येतं.

पहिला संशयित म्हणजे उशीर. माल सकाळी उतरतो, आवक नोंद म्हणजे जीआरएन होते तिसऱ्या दिवशी, कारण पुरवठादाराचं बिल आलेलं नसतं. दरम्यान तो माल वापरलाही जातो. मायनस आकड्यांचा मोठा वाटा इथूनच येतो. तपासायची सोपी युक्ती : व्यवहारांची यादी एक्सेलमध्ये काढा आणि कागदावरची तारीख व प्रत्यक्ष नोंद केल्याची तारीख-वेळ यांतला फरक एका रकान्यात घ्या. जवळजवळ प्रत्येक ईआरपी या दोन्ही तारखा वेगळ्या ठेवतं. २४ तासांपेक्षा जास्त फरकाच्या नोंदी दहात तीन असतील, तर बाकीचं काही शोधण्याआधी हेच दुरुस्त करा. आवक नोंद बिलासाठी थांबवायची नसते. माल आला पण बिल नाही, यासाठी हिशेबात वेगळं खातं असतं. बिल आल्यावर खरेदी ऑर्डर, आवक नोंद आणि बिल ही तीन कागदं एकमेकांशी जुळवून ते खातं मिटवायचं. हे खातं सुरू आहे का, हे तुमच्या हिशेबनिसांना विचारा. नसेल तर उशिराचं मूळ कारण तिथेच सापडलं.

दुसरा संशयित एकक. शाफ्टसाठी गोल सळई किलोवर विकत घेता, स्टोअरमधून मीटरवर देता आणि कारखान्यात नगावर मोजता. २० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी सळईचं वजन मीटरला साधारण २.४७ किलो भरतं. मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वस्तूंची मूळ माहिती, भरताना कोणी ते २.४ लिहिलं, तर १,००० किलो सळई सॉफ्टवेअरला ४१६ मीटर वाटते, प्रत्यक्षात असते ४०५. अकरा मीटर हवेत, आणि संशय स्टोअरवाल्यावर.

त्याला जोडूनच बीओएम, म्हणजे एका पंपाला काय किती लागतं याची यादी. शाफ्टचा तुकडा १२० मिलिमीटरचा असेल तर बीओएममध्ये ०.१२० मीटर लिहिलेलं असतं. पण करवतीचं पातं प्रत्येक कापाला समजा ३ मिलिमीटर खातं, आणि ६ मीटरच्या सळईतून ५० नव्हे, ४८ तुकडे निघतात. उरलेलं टोक भंगारात. म्हणजे खरा वापर तुकड्याला ०.१२५ मीटर. हजार तुकड्यांमागे पाच मीटरचा फरक दर वेळी, न चुकता. कागदावरच्या ड्रॉइंगवरून बनवलेले बीओएम हमखास असे असतात. ते दुरुस्त करायचे तर करवतीशेजारी उभं राहून तुकडे मोजावे लागतात.

तुमच्याकडे उत्पादनाची नोंद केली की बीओएमप्रमाणे माल आपोआप वजा होत असेल, आणि छोट्या कारखान्यांत बहुधा तसंच लावून दिलेलं असतं, तर रिजेक्शनकडे नीट पाहा. १०६ इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) ओतले, ६ फुटके निघाले, नोंद झाली १०० ची. त्या सहांचा कच्चा माल सॉफ्टवेअरच्या मते अजून स्टोअरमध्येच आहे. नापास नगांची नोंद करायला जागा हवी, आणि ती करणाऱ्याला त्याबद्दल बोलणी बसता कामा नयेत. रिजेक्शन लिहिलं की सुपरवायझर सगळ्यांसमोर झापतो, अशा ठिकाणी रिजेक्शनचा आकडा कायम शून्य असतो.

आता जुळी कोडं, म्हणजे एकाच मापाच्या वस्तूला मास्टरमध्ये पडलेले अनेक कोड-नंबर. ६२०४ नंबरचं बेअरिंग मास्टरमध्ये 'बेअरिंग ६२०४', 'बीआरजी ६२०४ झेडझेड' आणि '६२०४ टूआरएस' अशा तीन नावांनी सापडलं, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. कोणी उत्साहाने तिन्ही एकत्र करायला निघालं, तर मात्र हात धरा. तिन्हींचं माप एकच, आतलं छिद्र २० मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास ४७. पण झेडझेडला दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असतं आणि टूआरएसला रबरी सील. पाण्याजवळ फिरणाऱ्या बेअरिंगला हा फरक लहान नाही. पहिल्या मोघम नावाखाली नेमकं काय पडलं आहे ते रॅकवर जाऊन पाहायचं, साठा योग्य कोडावर वळवायचा आणि ते नाव बंद करायचं. पुसायचं नाही, बंद करायचं. जुने व्यवहार त्याच्यावर लटकलेले असतात. कोडं दोनच हवीत, नाव लिहिण्याची पद्धत एकच (आधी वस्तू, मग माप, मग प्रकार), आणि नवं कोड उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे.

जुळ्या वस्तूंची एक खूण लक्षात ठेवा. एक वस्तू १२ नगांनी कमी आणि तिचीच बहीण १२ नगांनी जास्त दिसली, तर चोरी नाही, अदलाबदल आहे. झेडझेड संपलं म्हणून टूआरएस बसवलं, बीओएमने मात्र झेडझेडच वजा केलं. बदली माल वापरण्याची नोंद त्या वर्क ऑर्डरवरच, म्हणजे त्या उत्पादनाच्या आदेशावरच, करता यायला हवी.

बाहेर प्लेटिंगला गेलेला माल चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, जातो आणि बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये कुठेच जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बाहेरच्या कारागिराच्या नावाने एक वेगळं गोदाम उघडा. माल पाठवताना स्टोअरमधून त्या गोदामात बदली, परत आला की उलट. मग कोणाकडे तुमचे किती नग किती दिवस पडलेत, तेही आयतंच दिसतं.

आणि ग्राहकांकडच्या पंपांची दुरुस्ती. तुमच्या पंपात या जातीची दोन बेअरिंग बसत असतील तर ८० उणे ३१ हा ४९ चा आकडा बोलका आहे. पंप बनवताना नोंद राहून गेली असती तर तूट सम आकड्यात आली असती. विषम आकडा म्हणजे किमान एक बेअरिंग तरी दुसऱ्या वाटेने गेलं, बहुतेक सर्व्हिसवाल्याच्या पिशवीतून. नाहीतर मोजणीच चुकली. वॉरंटीत बदललेले सुटे भाग कोणत्या कागदावर बाहेर पडतात ते बघाच.

दहा दिवसांनी फरकांची कारणं मोजा. सात-आठ कारणांपैकी दोन-तीनच बहुतेक फरकांना जबाबदार निघतील. ती दुरुस्त झाली की मगच संपूर्ण साठ्याची मोजणी करायची. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी सगळं मोजून आकडे बसवले, तर महिनाभरात पुन्हा तिथेच याल. गळक्या टाकीत पाणी भरण्यासारखं ते.

पूर्ण मोजणी सुटीच्या दिवशी करा. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळ्या आवक नोंदी, डिस्पॅच आणि उत्पादनाच्या नोंदी पूर्ण हव्यात. अर्धवट वर्क ऑर्डर शक्य तितक्या बंद करा आणि ज्या उरतील त्यांचा मशीनवरचा माल वेगळा मोजा. मोजणीच्या कागदावर सॉफ्टवेअरचा आकडा छापू नका. तो समोर दिसला की माणूस ७८ मोजून ८० लिहितो. दोन-दोन जणांच्या जोड्या करा, मोजून झालेल्या कप्प्याला चिठ्ठी लावा, आणि जिथे फरक मोठा तिथे दुसऱ्या जोडीकडून पुन्हा मोजून घ्या. नगावरच्या वस्तूंना फरकाची सूट शून्य. वजनावरच्या वस्तूंना एक-दोन टक्के चालतील. फरकाच्या नोंदीला वेगळं कारण-कोड द्या आणि हिशेबनिसांना आधीच कल्पना द्या, कारण ही रक्कम त्या महिन्याच्या नफ्या-तोट्यात उतरते. मोजणीनंतर साठ्याच्या अहवालातलं मूल्य आणि खतावणीतलं साठ्याचं खातं हे दोन आकडे जुळले पाहिजेत. बरेच जण नग जुळवतात आणि हे विसरतात.

हे झालं की मायनस साठ्याची परवानगी बंद करा. आधी नाही. आज ती बंद केलीत तर संध्याकाळी सहाला गाडी दारात उभी असेल, सॉफ्टवेअर डिस्पॅच होऊ देणार नाही आणि कोणीतरी खोटी आवक नोंद करून वाट काढेल. ती खोटी नोंद शोधणं मायनसपेक्षा अवघड. पण परवानगी कायमची चालू ठेवणंही महागात पडतं, आणि ते फक्त नगांपुरतं नाही. साठा शून्य असताना १० नग दिले गेले आणि सॉफ्टवेअरने शेवटच्या ५० रुपयांच्या दराने वजा केले असं धरा. शिल्लक उणे १०, मूल्य उणे ५००. मग ६० च्या दराने ११ नग आले, मूल्य ६६०. आता शिल्लक एक नग, आणि त्याचं मूल्य १६०. साठ ते एकशे साठ, आणि पंपाची किंमत काढताना हाच दर धरला जाणार. काही सॉफ्टवेअर हा फरक वेगळ्या खात्यात टाकतात, काही टाकत नाहीत. सरासरी दराची पद्धत वापरत असाल तर तुमचं काय करतं ते सॉफ्टवेअरमध्येच सरावासाठी उघडलेल्या चाचणीच्या कंपनीत याच आकड्यांनी करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

पुढे वर्षातून एकदा मोठी मोजणी करण्यापेक्षा रोज थोडं मोजा. बाराशेपैकी सर्वाधिक मूल्याच्या १५० वस्तू महिन्यातून एकदा, पुढच्या ३०० तिमाहीला एकदा, उरलेल्या ७५० वर्षातून दोनदा. वर्षाला ४,५०० मोजण्या झाल्या. कामाचे २५० दिवस धरले तर दिवसाला १८. एका माणसाचा तासभर. अचूकता मोजताना रुपयात मोजू नका, कारण इकडची तूट तिकडच्या वाढीने झाकली जाते. मोजलेल्या शंभर वस्तूंपैकी किती जुळल्या, एवढंच पाहा.

९५ च्या खाली असाल तर सॉफ्टवेअरच्या खरेदी-सूचनांवर विसंबू नये, हा कारखानदारीतला जुना ठोकताळा आहे. बीओएमसाठी तो ९८ आहे. हा आकडा उगाच कडक नाही. एका पंपाला २० वस्तू लागत असतील आणि प्रत्येकीची नोंद बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर वीसच्या वीस बरोबर असण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. ९८ ला ती ६७ होते. आणि ८० टक्क्यांना? सुमारे एक टक्का. शंभर वेळा सॉफ्टवेअरने 'माल पुरेसा आहे' म्हटलं, तर एकदाच ते वीसही वस्तूंच्या खऱ्या आकड्यांवरून म्हटलेलं असतं. मग काका एक्सेलवर गेले नाहीत तरच नवल.

त्या एक्सेलवर बंदी घालू नका. काकांच्या शेजारी बसून त्यातला एकेक रकाना वाचा. पुरवठादार खरोखर किती दिवसांत माल देतो, किती नगांच्या खाली तो ऑर्डर घेत नाही, तो अडला तर दुसरा कोण, ही माहिती त्या फाइलमध्ये असेल आणि ईआरपीच्या मास्टरमध्ये ते रकाने रिकामे असतील, किंवा बसवणाऱ्याने सगळ्यांना सरसकट सात दिवस भरून ठेवले असतील. त्याचा परिणाम बघा. एखादं सील दिवसाला ८ लागतं, राखीव साठा ४० आणि माल यायला खरे २१ दिवस. मग २०८ नग उरले की ऑर्डर जायला हवी. सात दिवस भरले असतील तर सॉफ्टवेअर ९६ नगांपर्यंत गप्प बसतं. म्हणजे सूचना १४ दिवस उशिरा येते, आणि काकांना ती निरुपयोगी वाटते ते रास्तच आहे. आधी पन्नास महत्त्वाच्या वस्तूंचे हे रकाने काकांकडूनच भरून घ्या आणि महिनाभर दोन्ही याद्या शेजारी ठेवा. सॉफ्टवेअरची यादी बरोबर येऊ लागली की फाइल उघडणं त्यांचं त्यांनाच जड होईल. तसं नाही झालं, तर मास्टर पुन्हा तपासा. काकांना दोष देऊ नका.

आणखी एक गोष्ट, पत्रात तिचा उल्लेख नाही पण विचारायलाच हवी : स्टोअर, उत्पादन आणि डिस्पॅच एकाच लॉगिनने चालतं का? वापरकर्त्यागणिक पैसे असतात म्हणून असं सर्रास केलं जातं. मग कोणती नोंद कोणी केली ते कधीच कळत नाही, आणि वर सांगितलेली सगळी शोधाशोध आंधळी होते. चार लॉगिनचे पैसे वाचवू नका. साठ्याची दुरुस्ती-नोंद स्टोअरकीपरने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी.

बारकोडबद्दल थोडक्यात. तो टायपिंगची चूक आणि वेळ वाचवतो. उचललेला माल कोणी स्कॅनच केला नाही, बीओएम चुकलेला आहे, एकाच बेअरिंगला तीन कोडं आहेत, यातलं काही तो बरा करत नाही. वीस वस्तूंच्या तपासात 'चुकीचं कोड टाइप झालं' हे कारण वरच्या दोनांत आलं, तर जरूर घ्या.

भावाचं म्हणणं कधी बरोबर ठरेल, तेही सांगते. एकाच वस्तूला खरेदीचं आणि वापराचं एकक वेगळं ठेवता येत नसेल. बाहेर पाठवलेला माल वेगळ्या गोदामात दाखवता येत नसेल. वर्क ऑर्डरवर बदली वस्तू किंवा नापास नग नोंदवता येत नसतील आणि विक्रेता प्रत्येक गोष्टीसाठी 'कस्टमायझेशन करून देतो' म्हणत असेल, तर तुम्ही चुकीचं सॉफ्टवेअर घेतलं आहे. मूळ रचनेत नसलेली गोष्ट वरून चिकटवली की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ती पुन्हा तपासावी लागते. अशा वेळी बदलाच, पण स्वच्छ केलेले मास्टर, तपासलेले बीओएम आणि मोजलेला साठा हातात घेऊन. या सहा आठवड्यांतलं कोणतंच काम तेव्हा वाया जात नाही.

बदला किंवा राहा, या आठवड्यात विक्रेत्याला दोन प्रश्न लेखी विचारून ठेवा : वस्तू, बीओएम आणि सगळे व्यवहार आम्हाला स्वतःला, तुमच्या मदतीशिवाय, फाइलमध्ये उतरवून घेता येतात का, आणि करार संपल्यावर आमचा डेटा किती दिवस उघडा राहतो. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी एकदा उतरवून बघा, आणि फाइलमध्ये सुरुवातीच्या महिन्याचे व्यवहारही आहेत ना ते तपासा.